गाडी थांबते तेव्हा वेग कुठे जातो?

सायकलवरून लांबलचक उतार ब्रेक दाबत उतरल्यावर चाकाच्या रिमला आणि ब्रेकच्या रबराला कधी हात लावून पाहिला आहे? दोन्ही चांगली कोमट, कधी कधी तर चटका बसावा इतकी गरम झालेली असतात. उतारावर मिळालेली ऊर्जा कुठे गेली याचे उत्तर बोटांनाच मिळते. ऊर्जा नष्ट होत नाही, तिचे केवळ रूपांतर होते, हे वाक्य आपण दरवर्षी वर्गात शिकवतो आणि विद्यार्थीही ते परीक्षेत बिनचूक लिहितात. पण या वाक्याचा व्यवहारात विसर पडला तर काय होते, याचा एक धडा मला २०१४ साली जर्मनीत मिळाला.

जर्मनीच्या पश्चिमेकडील आयफेल या डोंगराळ भागात नुर्बुर्गरिंग नावाचा मोटार शर्यतींचा प्रसिद्ध मार्ग आहे. तो १९२७ साली सुरू झाला. त्याचा उत्तरेकडील वळसा २०.८ किलोमीटर लांबीचा असून तो जंगलातून, चढउतारांवरून जातो. मार्गावरील सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागांत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. शर्यती नसतात तेव्हा पैसे भरून सामान्य माणसालाही आपली गाडी येथे चालवता येते. काही संस्था असा मार्ग दिवसभरासाठी भाड्याने घेतात आणि नावे नोंदवलेल्यांना त्यावर गाडी चालवू देतात. अशा दिवसाला 'ट्रॅक डे' म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे क्रमांक नसतो, बक्षीस नसते आणि पुढच्या गाडीला ओलांडण्याचेही कडक नियम असतात. आपली गाडी आणि आपले कौशल्य रस्त्यावरील रहदारीला धोका न पोचवता अजमावून पाहणे, एवढाच हेतू असतो. आपल्याकडे चेन्नईजवळ, कोइम्बतूरजवळ आणि ग्रेटर नोएडा येथे २०११ साली सुरू झालेल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर असे दिवस होतात.

प्रयोगशाळेतल्या माझ्या एका सहकाऱ्याकडे दोन आसनांची छोटी स्पोर्ट्‌स कार होती. तीन वर्षे जुनी, पण काचेसारखी लखलखीत. ट्रॅक डेसाठी त्याने नवे महागडे टायर घातले, इंजिनाचे ऑइल बदलले, गाडी धुऊन पुसून घेतली आणि मला शेजारी बसवले. पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीत वेरझाइफेन नावाच्या तीव्र उतारावर त्याने ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीपेक्षा बरेच खोल गेले. पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळालाच टेकले. त्याने पेडल भराभर तीन-चार वेळा दाबले, गिअर खाली आणले आणि गाडी कशीबशी वळणातून निघाली. त्या उतारानंतर ब्रायडशाइडचा पूल येतो आणि लगेच खडा चढ लागतो. आमचा उरलेला वेग त्या चढाने खाल्ला. तो चढ तेथे नसता तर हा लेख बहुधा मी लिहिला नसता.

अर्ध्या तासाने तेथल्या एका वयस्क मिस्त्रीने गाडी तपासली. डिस्क ठीक होत्या, पॅड ठीक होते, गळती कुठेही नव्हती. त्याने एकच प्रश्न विचारला, "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?" आम्ही भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. ते कधीच बदललेले नव्हते.

तीन सेकंदांचा हिशेब

ट्रॅकवर ब्रेकवर नेमका किती ताण येतो हे दहावीच्या गणिताने काढता येते. गाडी आणि आतली दोन माणसे मिळून वस्तुमान १२५० किलोग्रॅम धरू. सरळ रस्त्यावर वेग ताशी १८० कि.मी., म्हणजे सेकंदाला ५० मीटर. वळणापूर्वी तो ताशी ७२ कि.मी.वर, म्हणजे सेकंदाला २० मीटरवर आणायचा आहे. गतिज ऊर्जेतील घट अशी येईल: १/२ × १२५० × (५०² − २०²), म्हणजे सुमारे १३ लाख ज्यूल.

ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून यातली सुमारे ७० टक्के ऊर्जा पुढच्या दोन चाकांच्या डिस्क घेतात. एका डिस्कच्या वाट्याला साडेचार लाख ज्यूलपेक्षा थोडे जास्त येतात. डिस्क बिडाची आणि ८ किलोग्रॅमची असेल, तर विशिष्ट उष्माधारकता ४६० ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश धरून तिचे तापमान एका दमात सुमारे १२५ अंश सेल्सिअसने वाढते. थोडी ऊर्जा हवेचा विरोधही घेतो, पण आपल्या हिशेबाला त्याने मोठा फरक पडत नाही.

आता शहरातला हिशेब पाहू. ताशी ५४ कि.मी. वेगाची तीच गाडी सिग्नलला पूर्ण थांबली, तर एकूण ऊर्जा १ लाख ४० हजार ज्यूल आणि डिस्कची तापमानवाढ जेमतेम १३ अंश. वेग तिपटीहून थोडा जास्त, पण उष्णता नऊ पटींहून जास्त. वेगाच्या वर्गाचा हा प्रताप आहे.

शिवाय वेळेकडेही पाहायला हवे. ट्रॅकवरचे हे ब्रेकिंग तीन सेकंदांत उरकते. १३ लाख ज्यूल भागिले ३ सेकंद म्हणजे चार लाख वॅटहून अधिक. घरातले दोन किलोवॅटचे दोनशे गीझर एकदम चालू केले तर जेवढी उष्णता निर्माण होईल, तेवढी त्या तीन सेकंदांत निर्माण होते. शहरात पुढचा सिग्नल येईपर्यंत डिस्क थंड होते. ट्रॅकवर मात्र अर्ध्या मिनिटात पुढचे वळण उभे असते. दोन वळणांच्या मधल्या काळात हवेला जितकी उष्णता देता येते आणि ब्रेकमध्ये जितकी मिळते ती समसमान होईपर्यंत डिस्क तापतच राहते. पाचशे-सहाशे अंश तापमान ही ट्रॅकवर नवलाची गोष्ट नाही. अंधार असेल तर अशी डिस्क मंद लाल दिसते.

नाव ऑइल, पण तेल नव्हे

आपण पेडल दाबतो तो जोर चाकापर्यंत द्रवाच्या दाबाने पोचतो. पास्कलचा नियम येथे उपयोगी पडतो. गॅरेजमध्ये या द्रवाला ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नाही. खनिज तेलाने ब्रेकमधली रबरी सीले फुगून खराब होतात. म्हणून बहुतेक गाड्यांत ग्लायकॉल ईथर आणि तत्सम संयुगांचा द्रव वापरतात. या द्रवाचा एक स्वभाव असा की तो हवेतले बाष्प शोषतो. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो, मिठाला पाणी सुटते, त्याच जातीचा हा गुण. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातून बाष्प थोडे थोडे आत शिरत राहते.

बाटलीवर डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ असे लिहिलेले असते. हे अमेरिकेच्या परिवहन खात्याने ठरवलेले दर्जे आहेत. डॉट ४ दर्जाचा कोरडा, ताजा द्रव २३० अंशांच्या आत उकळता कामा नये. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. शंभर भागांत चार भागही पाणी नाही आणि उत्कलनबिंदू पाऊणशे अंशांनी खाली येतो!

डिस्क पाचशे अंशांवर असली तरी द्रव तिच्यापासून दूर असतो. मध्ये पॅड असतो आणि पॅडमागे पिस्टन. पण उष्णता वाट काढतेच. शहरात द्रव क्वचितच शंभर अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे जुने ब्रेक ऑइलही वर्षानुवर्षे निमूट काम करते आणि आपण त्याला विसरून जातो. ट्रॅकवर ते १५५ अंशांची मर्यादा ओलांडते आणि उकळते.

उकळल्याने एवढे काय बिघडते? पाण्याची वाफ झाली की साध्या वातावरणीय दाबाखाली तिचे आकारमान सुमारे १६०० पट होते. म्हणजे ०.०५ मिलिलिटर पाण्याच्या एका थेंबाची ८० घनसेंटिमीटर वाफ. पेडल पूर्ण दाबल्यावर नळ्यांत ढकलला जाणारा द्रव मात्र काही घनसेंटिमीटरच असतो. आणखी एक गंमत अशी की पाय ब्रेकवर असतो तेव्हा आतला दाब प्रचंड असल्यामुळे द्रव सहसा उकळत नाही. पाय काढला, दाब उतरला की बुडबुडे होतात. म्हणजे बिघाड होतो आपण निर्धास्त असताना आणि कळतो पुढच्या वळणावर. पेडल भराभर दाबल्याने टाकीतला आणखी द्रव नळ्यांत येतो आणि थोडा दाब तयार होतो. माझ्या सहकाऱ्याने नकळत केलेले तेच काम आम्हाला उपयोगी पडले.

दोन सिरिंजचा प्रयोग

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. सुई नसलेल्या दहा मिलिलिटरच्या दोन सिरिंज घ्या आणि त्या मत्स्यपेटीसाठी मिळणाऱ्या बारीक नळीने जोडा. सर्व भागांत पाणी भरा, हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. एका विद्यार्थ्याला पहिला दट्ट्या दाबायला सांगा, दुसऱ्याने समोरचा दट्ट्या बोटाने अडवून धरावा. दाबणाऱ्याला भिंतीवर हात टेकल्यासारखे वाटेल आणि समोरच्याच्या बोटावर लगेच जोर येईल. आता नळीत दोन मिलिलिटर हवा सोडा आणि पुन्हा दाबा. दट्ट्या मऊपणे आत जातो, पण समोरच्या बोटावर फारसा जोर येत नाही. गॅरेजच्या भाषेत ब्रेक 'स्पंजी' लागतो तो हाच. मिस्त्री ब्रेकची 'एअर काढतो', म्हणजे हीच हवा नळीतून बाहेर घालवतो.

विद्यार्थ्यांना विचारा, की या वेळी पाणी कुठेही सांडलेले नाही, टाकी भरलेली आहे, मग ब्रेक का लागत नाही? या प्रश्नातच आजच्या गाडीचा एक दोष दडलेला आहे. आधुनिक गाडीत डझनावारी संवेदक असतात. ब्रेक ऑइलची पातळी उतरली तर समोरच्या फळीवर लाल दिवा लागतो. पण त्यात किती पाणी मुरले आहे हे सांगणारा दिवा सर्वसाधारणपणे नसतो. दिवा किती ते सांगतो, कसे ते सांगत नाही.

पॅडचीही मर्यादा

द्रव ताजा असला तरी पॅड दगा देऊ शकतात. पॅडमधले निरनिराळे कण राळेने एकत्र बांधलेले असतात. ठरावीक तापमानापुढे ही राळ विघटित होऊ लागते आणि घर्षणांक घसरतो. या वेळी पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही. हा फरक लक्षात ठेवावा. पेडल खोल गेले तर संशय द्रवावर, पेडल कडक असून गाडी थांबत नसेल तर संशय पॅडवर. ट्रॅकसाठीचे पॅड जास्त तापमान सोसतात, पण थंड असताना त्यांची पकड अनेकदा कमी असते, म्हणून ते रोजच्या वापराला सोयीचे नसतात. पॅड अर्ध्याहून अधिक झिजलेले असतील तर तेही बदलावेत. पातळ पॅड उष्णता पिस्टनकडे लवकर पोचवतो.

चाकातली हवा आणि इंजिनातले ऑइल

उष्णतेचा हिशेब टायरलाही लागू आहे. सकाळी २० अंश तापमानाला टायरमध्ये ३२ पौंड हवा भरली. ट्रॅकवर आतली हवा ८० अंशांपर्यंत तापली, तर दाब किती होईल? बरेच विद्यार्थी ३२ ला ३५३/२९३ ने गुणून ३८.६ उत्तर काढतील. ते चुकीचे आहे. गेज वातावरणाच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब दाखवतो. पूर्ण दाब ३२ अधिक १४.७, म्हणजे ४६.७. तो तापल्यावर ५६.३ होतो आणि त्यातून १४.७ वजा केले की गेजवर जवळजवळ ४२ पौंड दिसतात. इतका फुगलेला टायर मधोमधच रस्त्याला टेकतो आणि पकड कमी होते. म्हणून तीन-चार फेऱ्यांनंतर गाडी थांबवून गरम टायरचा दाब मोजतात आणि जास्तीची हवा काढतात. संध्याकाळी टायर थंड झाले की हवा पुन्हा भरायला हवी. नाहीतर घरी जाताना महामार्गावर कमी हवेच्या टायरवर गाडी पळवण्याचा नवाच धोका उभा राहतो.

इंजिनाच्या तळातल्या ऑइलचे काय होते ते पाहण्यासाठी वळणावरच्या एस.टी.त हातातल्या पेल्यातले पाणी पाहावे. वळणावरचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाइतके झाले, तर ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. चांगल्या टायरची स्पोर्ट्‌स कार या मर्यादेजवळ जाऊ शकते. ऑइल एका बाजूला गेले आणि ते खेचणारी नळी उघडी पडली, तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि बेअरिंगे क्षणभर कोरडी चालतात. म्हणून ट्रॅकवर जाताना ऑइलची पातळी पट्टीवरच्या वरच्या खुणेजवळ असावी, पण तिच्यावर नसावी. खास ट्रॅकसाठी घडवलेल्या काही गाड्यांत ऑइल वेगळ्या टाकीत ठेवतात ते याचसाठी.

तयारी म्हणजे काय?

आता यादी आपोआप तयार होते. ट्रॅक डेपूर्वी ब्रेक ऑइल पूर्ण बदलावे आणि नव्या, सीलबंद बाटलीतलेच वापरावे. उघडून ठेवलेली बाटलीही बाष्प शोषत असते. काही गाड्यांत एबीएसच्या पंपातली हवा काढायला गॅरेजमधले यंत्र जोडावे लागते, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. पॅडची जाडी आणि डिस्कवरच्या भेगा पाहाव्यात. चाकांचे नट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर, चाके थंड झाल्यावर, पुन्हा तपासावेत. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, सगळे काढून ठेवावे. जोराच्या ब्रेकला सुटी बाटली घरंगळत पेडलखाली गेली, तर बाकी सर्व तयारी वाया जाते.

दोन पथ्ये चालवण्याची आहेत. शेवटची फेरी हळू, शक्य तितकी ब्रेक न वापरता मारावी, म्हणजे वाहत्या हवेने डिस्क थंड होतात. आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. गाडी थांबली की वारा थांबतो, पण डिस्कमधली उष्णता थांबत नाही. ती पॅडमधून पिस्टनकडे आणि तेथून द्रवाकडे सरकत राहते. त्यामुळे गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडी ठोकळा लावतात.

या साऱ्या तयारीत गाडी वेगवान करणारे एकही काम नाही हे लक्षात आले असेल. ट्रॅकवर जायची तयारी म्हणजे उष्णता कुठे निर्माण होईल, कुठून वाहील आणि वाटेत कोणाला सोसणार नाही, याचा आधी मांडलेला हिशेब.

घाटातला हिशेब

आपल्या बहुतेक वाचकांकडे स्पोर्ट्‌स कार नसेल आणि ट्रॅकवर जाण्याचा योगही येणार नाही. पण घाट सगळेच उतरतात. खंडाळ्याहून खोपोलीला येताना उंची जवळजवळ ५०० मीटरने कमी होते. १२५० किलोग्रॅमच्या गाडीची स्थितिज ऊर्जा त्यात ६१ लाख ज्यूलने घटते, म्हणजे ट्रॅकवरच्या आपल्या उदाहरणातल्या जवळजवळ पाच जोरदार ब्रेकिंगइतकी. पंचवीस टनांच्या ट्रकच्या बाबतीत हाच आकडा बारा कोटी ज्यूलच्या पुढे जातो. ही ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे. खालच्या गिअरमध्ये उतरले तर तिचा मोठा वाटा इंजिन घेते आणि रेडिएटर व एक्झॉस्टवाटे हवेत सोडते. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरले तर सगळा भार ब्रेकवर पडतो. घाटाच्या तोंडाशी असलेली 'गाडी गिअरमध्ये चालवा' ही पाटी म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच आहे, फक्त रंगाने लिहिलेला.

जर्मनीहून परतल्यावर मी पहिल्यांदा आमच्या घरच्या गाडीचे ब्रेक ऑइल तपासून घेतले. नव्या द्रवाचा रंग फिकट पिवळसर असतो, आमचा चहासारखा तपकिरी झाला होता. नुसत्या रंगावरून पाण्याचे प्रमाण ठरत नाही, पण मिस्त्रीने उपकरण लावून दाखवले तेव्हा शंकेला जागा उरली नाही. त्याच गाडीतून आम्ही प्रत्येक मे महिन्यात मुलाबाळांसह घाट उतरत होतो.

उद्या शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीच्या मालकाला आपल्या विद्यार्थ्यांनी तो मिस्त्रीचाच प्रश्न विचारावा, "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?" बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत दर दोन वर्षांनी बदलावे असे लिहिलेले असते. किती जणांना उत्तर देता येते, याची नोंद वहीत करावी. वर्गातला हा प्रकल्प फार स्वस्त आहे आणि त्यातून एखादी गाडी वेळेवर गॅरेजात गेली, तर तो भौतिकशास्त्राचा उत्तम तास झाला असे म्हणता येईल.